घरी शिवलेल्या टार्पच्या रिपस्टॉप नायलॉनला सिलिकॉन: आधी की शिवल्यावर?

ऐरोली_डोंगरवाट
३० डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), कोटिंग नसलेलं रिपस्टॉप नायलॉन (फाट पसरू न देणाऱ्या चौकटीच्या विणीचं) घेतलंय. ४० जीएसएम (ग्रॅम प्रति चौरस मीटर), पन्हा दीड मीटर. दोन पन्हे जोडून ३ × ३ मीटरचा टार्प (डोक्यावर ताणून बांधायचं कापडी छप्पर) शिवायचाय, पावसाळ्यात नाणेघाट, हरिश्चंद्रगडाकडे वापरायला. उरलेल्या कापडात थंडीसाठी क्विल्ट (भरण घातलेलं पांघरूण). पाणी झिरपू नये म्हणून लावायचं सिलिकॉन कापड कापायच्या आधी लावायचं की शिवून झाल्यावर? प्रमाण काय? क्विल्टच्या कापडालाही लावायचं का?

घाटमाथा
शिवून झाल्यावरच लावा. सिलिकॉन लावलेलं कापड मशीनवर घसरतं, आणि शिवल्यावर लावलं की सुईची भोकंही त्याच कामात बुजतात.

आधी कापड साध्या डिटर्जंटने दोनदा धुवा, सॉफ्टनर नको. गिरणीतलं फिनिश राहिलं तर सिलिकॉन धरत नाही, नंतर पापुद्रे निघतात.

हार्डवेअरच्या दुकानात व्हिनेगरसारखा वास येणारं, १०० टक्के सिलिकॉन सीलंट मिळतं, ते घ्या. ॲक्रिलिक चालत नाही. पातळ करायला मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ. रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि कापड चिकट होतं. प्रमाण वजनाने १ ला १०. तुमच्या ९ चौरस मीटरला ९० ग्रॅम सिलिकॉन आणि ९०० ग्रॅम एमटीओ पुरेल. सिलिकॉन थोड्याशा एमटीओत घोटून घ्या, गुठळ्या मोडल्या की उरलेलं घाला.

टार्प गच्चीवर ताणून बांधा, स्पंजने लावा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. जिथे थेंब साचतो तिथे चकचकीत डाग पडतो आणि घडी चिकटते. दोन पातळ हात द्या, शिवणीवर ब्रशने एक जास्त. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, त्यामुळे ठाण्याची दमट हवा इथे मदतच करते. फक्त २४ तास पाऊस लागू देऊ नका. एमटीओ पेट घेतं, म्हणून बंद खोलीत किंवा गॅसजवळ हे काम अजिबात नको. हातमोजे घाला. शेवटी टाल्कम पावडर चोळा.

तपासणीसाठी १ मीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तोंडाला कापड घट्ट बांधा आणि पाइप उभा धरून पाण्याने भरा. हा १००० मिमी उंच पाण्याचा दाब झाला. खालून थेंब फुटू लागले तर अजून एक हात.

सुईदोरा_ठाणे
शिवणाबद्दल थोडं. सुई ११ नंबर, दोरा पॉलिएस्टरचा (सुती ओला राहून कुजतो), टाका ३ मिमी. बारीक टाक्याने कापड तिकिटासारखं फाटतं. मधल्या जोडाला जीन्सच्या पायाला असते तशी दुमडलेली डबल शिलाई घाला. टाचण्या फक्त दुमडीच्या आत. कडा सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने कापल्या की दशा सुटत नाहीत.

मधला जोड सरळ कापू नका. ३ मीटरवर मध्यभागी ७-८ सेंमी खोल बाक द्या. दोन खिळ्यांना साखळी लटकवून तिचा बाक कागदावर उतरवला की साचा तयार. सरळ कापलेला टार्प कितीही ताणला तरी फडफडतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर दोऱ्या पुन्हा ओढाव्याच लागतात.

घाटमाथा
क्विल्टचं राहिलं. त्याला सिलिकॉन अजिबात नको. अंगाची वाफ बाहेर जायला हवी, नाहीतर पहाटे आतलं भरण ओलं होतं. भरण अखंड धाग्याच्या शीटचं मिळालं तर फक्त कडेने शिवा. साधं वॅडिंग (सुट्या तंतूंचं कापसासारखं भरण) असेल तर ते आतल्या आत सरकतं. तरी गोधडीसारखे ओळीने धावदोरे घालू नका, दबलेल्या रेघेतून थंडी शिरते. १५-२० सेंमीवर एकेक सैल टाका पुरे.

ऐरोली_डोंगरवाट
साचा आजच काढतो. घरातल्या जुन्या तंबूची शिवण गळते, आत पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग आहे. उरलेलं द्रावण तिथे चालेल?

सुईदोरा_ठाणे
नाही. पीयूवर सिलिकॉन धरत नाही, सोलून निघतं. तिथे पॉलियुरेथेनचंच सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव) लागेल. आतली बाजू स्पिरिटने पुसून, वाळल्यावर लावा.