प्रति: घट्टा म्हणजे मेलेली कातडी?

वर एकांनी लिहिलंय की घासून कातडी मरते आणि तिचाच घट्टा होतो. मग ती झिजायला हवी ना, जाड कशी होते? भाऊच्या धक्क्यावर पाट्या उचलणाऱ्यांचे तळवे बघा. भार येतो तिथेच घट्टा, बोटभर बाजूला कातडी नरम. दाब-घर्षणाचा निरोप तळच्या जिवंत पेशींपर्यंत पोचतो, त्या भराभर विभागतात आणि वर केराटिन या कडक प्रथिनाचा थर साचतो.

१९८८ साली पेशींचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ फिओना वॉट आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या त्वचापेशींना चिकटायला मुद्दाम कमी जागा दिली. ज्यांना पाय पसरता आले नाहीत, गोलच राहिल्या, त्यांनी इन्व्होल्युक्रिन हे प्रथिन बनवायला घेतलं, म्हणजे वरच्या थरातल्या पेशीची वाट धरली. औषध नाही, हार्मोन नाही, निव्वळ आकार! मला तर हे अजूनही भन्नाट वाटतं.

तळच्या थरात दाटी झाली तरी तेच. दादरला लोकलच्या दारात उभ्या माणसासारखी पेशी वर ढकलली जाते. उलट ताण दिला तर नव्या पेशी बनतात. प्लास्टिक सर्जन कातडीखाली फुगा ठेवून हळूहळू सलाईन भरतात ते याच जोरावर.

त्यामुळे ब्लेडने घट्टा तासत बसू नका (मधुमेह असेल तर मुळीच नाही). आधी दाब देणारी चप्पल बदला.