लेखक-शिबिरांना जाणं म्हणजे वेळ वाया घालवणं?

शाईचा डाग: काल इथे कुणीतरी लिहिलं, "शिबिरं-परिषदा हौशी लोकांसाठी. ज्याला लिहायचंय तो घरी बसून लिहितो." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय. अकरा वर्षं मी घरीच बसून लिहीत होते. एकाच कादंबरीची पहिली तीन प्रकरणं. शिबिरात मार्गदर्शक बाईंनी माझ्या पहिल्या दोन परिच्छेदांभोवती पेन्सिलीने कंस केला आणि तिसऱ्याशेजारी समासात लिहिलं, 'इथून.' ते दोन परिच्छेद मी निदान चाळीस वेळा घासूनपुसून लखलखीत केले होते. ते काढून टाकायचे असतात, हे मला घरी कधीच सुचलं नसतं.

समास: ते वाक्य माझंच. मागे घेत नाही. एका कंसासाठी चार दिवस आणि एवढा खर्च? वाचणारी एखादी मैत्रीण हेच काम करते. तिथली निम्मी गर्दी तर संपादकाला गाठायला आलेली असते.

शाईचा डाग: मैत्रीण 'छान आहे' म्हणते. अकरा वर्षं म्हणत होती.

खोडरबर: त्या गप्प बसण्याच्या नियमाबद्दल कुणी बोलणार आहे का? आपल्या कथेवर सगळे बोलतात आणि आपण तोंड उघडायचं नाही. माझ्या कथेतली आजी बोलायची तशीच मी लिहिली होती. बारा जणांनी पाळीपाळीने तिला 'अशुद्ध' ठरवलं. मी वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत बसलो. पुढे आठ महिने एक ओळ लिहिली नाही. याला प्रोत्साहन म्हणायचं?

दुसरा खर्डा: नियमाला नावं ठेवू नका. १९५६ साली अमेरिकेत विज्ञानकथा लेखकांची मिलफर्ड परिषद सुरू झाली, तिच्याच नावाने ही रीत ओळखतात. प्रत्येकाने ठरल्या वेळात बोलायचं, लेखकाने शेवटी. १९६८च्या क्लॅरियन शिबिराने तीच उचलली. पुस्तक छापल्यावर वाचकाशेजारी बसून समजावणार आहात का?

खोडरबर: मिलफर्डला जमायचे ते छापून आलेले, एकमेकांच्या तोडीचे लेखक. पहिलीच कथा घेऊन आलेल्यालाही तोच नियम? आजीची बोली त्या बारांतल्या एकालाही ठाऊक नव्हती. मला एक वाक्य बोलू दिलं असतं, तर चर्चा कथेवर आली असती.

दुसरा खर्डा: मग चूक गट चालवणाऱ्याची, नियमाची नव्हे.

खोडरबर: ज्याने भोगलं नाही त्याने हे शिकवू नये.

दुसरा खर्डा: भोगलंय. जिन्यात जाऊन रडलोय. पण त्या वीस मिनिटांत सहा जण एकाच पानावर अडखळलेले ऐकले. बोलायची मुभा असती, तर पहिल्यालाच मी उत्तरं देत बसलो असतो आणि उरलेले पाच गप्प झाले असते. तुमच्या बाबतीत मात्र बोलीपुरता खुलासा आधी घ्यायला हवा होता. एवढं मान्य.

समास: सहा जण एकाच पानावर अडखळतात, हे मैत्रिणीकडून कळणार नाही. ठीक, पटलं. आवडलं नाही. पण त्यासाठी व्याख्यानं, परिसंवाद, सह्यांच्या रांगा कशाला? दहा जणांचं टेबल पुरे.

शाईचा डाग: टेबलावरचे ते दहा जण मला परिषदेतच भेटले. अजून दर महिन्याला एकमेकांना पानं पाठवतो. खोडरबर, आजीची ती कथा आहे का अजून? मला वाचायची आहे.

खोडरबर: आहे. तिचा एक शब्दही बदललेला नाही. पाठवतो, पण शुद्धलेखन तपासायला नव्हे.