मदत हवी आहे: सलाईन सेटची रिस्क फाइल आयएसओ १४९७१ च्या २००७ च्या आवृत्तीवरून २०१९ वर नेताना

गिरणाकाठ:

जळगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी क्वालिटी बघते. जळगावचं प्लास्टिक म्हटलं की लोकांना पाइप, ठिबकच्या नळ्या आणि चटया आठवतात. आम्ही प्लास्टिकचे सलाईन सेट बनवतो. नळीचं एक्स्ट्रुजन, ड्रिप चेंबर (थेंब दिसतात ती डबी) आणि स्पाइकचं (बाटलीत खुपसायच्या टोकाचं) मोल्डिंग, क्लीनरूममध्ये असेंब्ली, शेवटी ईटीओ (इथिलीन ऑक्साइड) वायूने निर्जंतुकीकरण. ब वर्गाचं (कमी ते मध्यम जोखमीचं) उपकरण, उत्पादनाचं एमडी-५ लायसन्स, जोडीला आयएसओ १३४८५ हे गुणवत्ता व्यवस्थेचं मानक.

गेल्या ऑडिटमध्ये शेरा मिळाला: तुमची रिस्क मॅनेजमेंट फाइल आयएसओ १४९७१ (वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम व्यवस्थापनाचं मानक) च्या २००७ च्या आवृत्तीवर आहे, डिसेंबर २०१९ मध्ये तिसरी आवृत्ती आली, तिच्यावर या. शेरा रास्त आहे. काम एका सल्लागाराकडे दिलं. फाइल परत आली तेव्हा जुन्या कलम ४ चं ५ झालं होतं, ५ चं ६, ६ चं ७ आणि मुखपृष्ठावर २०१९. आतलं एक वाक्यही हललेलं नव्हतं. मालकांचं म्हणणं, क्रमांक जुळले म्हणजे काम झालं. मला ते पटत नाही. हा सेट माणसाच्या शिरेला जोडला जातो, तेव्हा फाइलमध्ये जे लिहिलंय ते खरं असायला हवं.

म्हणून स्टँडर्ड आणि त्यासोबतचा मार्गदर्शक, आयएसओ टीआर २४९७१ ची २०२० ची आवृत्ती, दोन्ही वाचायला घेतलं. कलमांचे क्रमांक सरकले कारण 'नॉर्मेटिव्ह रेफरन्सेस' (सोबत लागणाऱ्या इतर मानकांची यादी) हे दुसरं कलम नव्याने आलं, आणि त्यात एकही संदर्भ नाही. प्रक्रियेचा सांगाडा तोच आहे: जोखीम शोधा, मोजा, ठरवलेल्या निकषाशी ताडून बघा, कमी करा, उरलेली जोखीम तपासा, बाजारात गेल्यावर लक्ष ठेवा. जुन्या आवृत्तीतली बरीच परिशिष्टं उचलून मार्गदर्शकात नेली आहेत. हानी आता फक्त शारीरिक इजेपुरती धरलेली नाही. इथपर्यंत सरळ आहे. पुढे चार ठिकाणी अडले आहे.

पहिलं म्हणजे आमची सगळी फाइल एक मोठी एफएमईए आहे, म्हणजे कुठला भाग कसा बिघडेल आणि त्याने काय होईल याचा तक्ता. प्रत्येक ओळीत आरपीएन (तीव्रता, शक्यता आणि सापडण्याची शक्यता यांच्या गुणांचा गुणाकार) काढलाय, १०० च्या खाली आला की 'स्वीकार्य'. हे चालेल का?

दुसरं, 'आधीच ओळखता येण्याजोगा चुकीचा वापर' याची आता स्वतंत्र व्याख्या आहे आणि कलम ५.२ मध्ये तो इच्छित वापराबरोबर लिहून काढायला सांगितलाय. आमच्या फाइलमध्ये त्या जागी एकच ओळ आहे: 'सूचनांविरुद्ध वापर केल्यास कंपनी जबाबदार नाही.' पण प्लास्टिकच्या बाटलीतून सलाईन उतरेनासं झालं की बाटलीच्या बुडाला सुई टोचून हवा देतात, हे आपल्याकडे कुठल्याही नर्सिंग होममध्ये दिसतं. ते या कलमात येतं की नाही?

तिसरं, एकूण उरलेली जोखीम. प्रत्येक ओळ स्वीकार्य असेल तर एकूणही स्वीकार्य, असं आमच्या अहवालात लिहिलंय. हे फारच सोपं वाटतं.

चौथं मला सगळ्यात जड जातंय: कलम १०. माहिती गोळा करा, तपासा, कृती करा. आमचा माल डिस्ट्रिब्युटरमार्फत रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा, पुढे अक्कलकुवा-धडगावपर्यंत जातो. तक्रार आली तर फोनवर येते, 'ताई, दोन सेट लीक निघाले, बदलून द्या'. आम्ही बदलून देतो. कुठला बॅच, कुठल्या वॉर्डात, पेशंटला काय झालं, हे आमच्यापर्यंत पोचतच नाही. अशा साखळीत माणसं माहिती कशी मिळवतात? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पांझराकाठ:

ताई, मूळचा धुळ्याचा, सध्या पुण्यात रेग्युलेटरीचं काम करतो. तुमचा संशय बरोबर आहे, नुसते क्रमांक बदलून भागत नाही. पण सगळी फाइल नव्याने लिहायचीही गरज नाही. एक तक्ता करा: डावीकडे २०१९ ची प्रत्येक मागणी, मधे आपल्याकडे काय आहे, उजवीकडे काय कमी आहे. उजवीकडचा रकाना हाच तुमचा कामाचा आराखडा. ऑडिटरलाही आधी तोच दाखवा.

एफएमईए फेकू नका. मोल्डिंग आणि असेंब्लीसाठी ती उत्तम आहे. पण ती बिघाडापासून सुरू होते: अमुक भाग बिघडला तर काय? सुईचं तुमचंच उदाहरण घ्या. त्यात तुमच्या सेटचं काहीच बिघडलेलं नाही. सेट शंभर टक्के ठीक आहे आणि तरी पेशंटला धोका आहे. म्हणून ते तुमच्या एफएमईएत कधीच येणार नाही. १४९७१ ला सामान्य वापर आणि बिघाड या दोन्हीतले धोके हवे आहेत. शिवाय आरपीएनमध्ये 'सापडण्याची शक्यता' गुणलेली असते. १४९७१ मध्ये जोखीम म्हणजे हानी घडण्याची शक्यता आणि तिची तीव्रता, एवढंच. गंभीर हानी असलेली ओळ केवळ 'आम्हाला सापडेल' म्हणून १०० च्या खाली उतरते, हे धोक्याचं आहे. एफएमईएच्या वर एक हॅझार्ड तक्ता (धोक्यांपासून सुरू होणारा) ठेवा आणि एफएमईएच्या ओळी त्याला जोडा.

सुईची ओळ अशी मांडता येईल. धोक्याचा स्रोत: जंतू. घटनाक्रम: बाटली आत दबते, प्रवाह मंदावतो, सिस्टर सुई टोचते, न गाळलेली हवा आत जाते. धोकादायक परिस्थिती: दूषित द्रव पेशंटच्या शिरेत जातोय. हानी: रक्तातला संसर्ग. शक्यता दोन भागांत मोजा, परिस्थिती उद्भवण्याची वेगळी आणि त्या परिस्थितीतून हानी होण्याची वेगळी. पहिली आपल्याकडे मोठी आहे हे प्रामाणिकपणे लिहा. ओळखता येण्याजोगा चुकीचा वापर यालाच म्हणतात: माणूस असं वागणार हे आधीच दिसतंय. तो मुद्दाम केलेला असो वा नकळत, करणारा घरचा माणूस असो वा शिकलेली नर्स, व्याख्येत दोन्ही येतात. 'कंपनी जबाबदार नाही' हे वाक्य काढून टाका, त्याने कुठलीच जोखीम कमी होत नाही.

उपायांचा क्रमही पाळावा लागेल. आधी डिझाइनमध्येच सुरक्षितता, मग संरक्षक सोय, मग सूचना आणि गरज असेल तिथे प्रशिक्षण. स्पाइकलाच फिल्टर असलेला एअर व्हेंट (हवा आत घ्यायची वाट) दिला तर सुई टोचायचं कारणच उरत नाही. थेट सूचना छापण्यावर उडी मारलीत, तर वरचे दोन उपाय का शक्य नव्हते ते लिहावं लागेल.

एकूण उरलेल्या जोखमीची पद्धत आणि निकष आता कलम ४.४ प्रमाणे योजनेत आधीच ठरवायचे असतात. काम संपल्यावर सोयीचा निकष लिहिता येत नाही. आकड्यांची बेरीज करू नका. हॅझार्ड तक्ता हानीप्रमाणे लावून बघा. तुमच्याकडे 'संसर्ग' ही हानी स्पाइकला हात लागणं, पाउचचं सील, इंजेक्शन पोर्ट आणि ही सुई अशा अनेक ओळींत येईल. प्रत्येक ओळ एकटी स्वीकार्य असेल, पण त्या सगळ्या एकाच पेशंटवर एकाच वेळी लागू होतात. मग सेटचा वैद्यकीय फायदा समोर ठेवून, बाजारातल्या तशाच सेटशी तुलना करून, क्लिनिकल अनुभव असलेल्या डॉक्टरला सोबत बसवून निर्णय घ्या आणि कारणं लिहा. मालकाची एकट्याची सही तिथे पुरणार नाही. शेवटी ज्या उरलेल्या जोखमी महत्त्वाच्या आहेत, त्या वापरणाऱ्याला कळवणं हेही कलम ८ मध्येच आहे.

सातपुडा_सिस्टर:

मी नंदुरबार जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. स्टँडर्ड मला माहीत नाही, पण सेट रोज हातात असतो, म्हणून लिहिते.

सुई टोचणं खरं आहे. आम्हाला ते चूक आहे हे माहीत असतं. रात्री एकटी सिस्टर, वॉर्ड भरलेला, बाटली अडकली की दुसरं काय करणार? व्हेंट असलेले सेट येतात तेव्हा कुणी टोचत नाही.

तुमच्या यादीत आणखी काही घ्या. पाड्यावरून पेशंट जीपमधून येतो तेव्हा बाटली नातेवाइकाच्या हातात असते. हात दुखला की बाटली खाली येते आणि रक्त नळीत चढतं. बाटली लवकर संपावी म्हणून नातेवाईक रोलर क्लॅम्प (गती कमी-जास्त करायची चकती) पूर्ण सोडतात. लहान मुलाला आणि हृदयाच्या पेशंटला हे फार वाईट. लाइट गेली की मोबाइलच्या उजेडात थेंब मोजतो. चेंबर धूसर असेल तर थेंब दिसत नाही. २० थेंबांचा १ मिली धरून आम्ही गती लावतो, दोन थेंब चुकले तर सगळं गणित चुकतं. पाउच कात्रीने उघडताना नळीला चीर पडते, ती प्राइमिंग करताना (लावण्याआधी नळी द्रवाने भरताना) कळते, कधी नंतर.

आणि उन्हाळा. आमचं स्टोअर पत्र्याचं आहे. मे महिन्यात दुपारी आत उभं राहवत नाही. तिथून काढलेल्या सेटची नळी घडीवर चिकटलेली असते, सरळ केली तरी तिथेच पुन्हा मुडपते. तुमच्या लेबलवर तापमान लिहिलेलं असेल, पण आम्हाला दुसरी खोली नाही.

वापरलेले सेट आम्ही कापून दूषित प्लास्टिकच्या लाल पिशवीतच टाकतो. पण खासगीतून बाहेर पडलेल्या नळ्या आणि बाटल्या रोपांना ठिबक म्हणून लावलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत.

मोल्डिंगवाला_भुसावळ:

गिरणाकाठ ताई, व्हेंटचा स्पाइक करायचा तर साच्यात बदल लागेल आणि पाणी न धरणारी फिल्टरची चकती बाहेरून घ्यावी लागेल. अवघड नाही, पण लायसन्सचं आधी बघा. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ च्या सहाव्या अनुसूचीत डिझाइन किंवा मटेरियलमधला बदल मोठ्या बदलात येतो, त्याला आधी मंजुरी लागते. लेबलचा मजकूर बदलला तरी तेच, फक्त फाँट, रंग आणि लेबलची मांडणी त्यातून वगळली आहे. साचा कापून झाल्यावर हे कळलं तर महाग पडतं भो.

गिरणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी छापून मालकांच्या टेबलावर ठेवला. नळी घडीवर चिकटते हे आमच्या एकाही तक्रारीत नाही. आमची साठवणुकीची चाचणी लेबलवरच्या तापमानाला धरून केलेली आहे, आणि जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्तच. ही चाचणी नव्याने करायला आमची लॅब तयार आहे. व्हेंटचाही विचार मालकांनी सुरू केलाय.

पण कलम १० तिथेच आहे. सिस्टरनी इथे लिहिलं म्हणून कळलं, बाकीच्या वॉर्डांचं काय?

पांझराकाठ:

माहिती आपणहून येईल अशी वाट बघू नका. २००७ आणि २०१९ मधला मोठा फरक मला इथेच दिसतो: माहिती आता तुम्हीच सक्रियपणे गोळा करायची आहे. वापरणारे, पुरवठा साखळी, उत्पादनातला तुमचा स्वतःचा डेटा, सार्वजनिक माहिती, सगळे स्रोत कलम १०.२ मध्ये आहेत. डिस्ट्रिब्युटरशी करारातच लिहा: बदली सेट मागताना बॅच क्रमांक आणि पाउचचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि 'पेशंटला लावला होता का' याचं हो किंवा नाही. तेवढं आल्याशिवाय तक्रार बंद नाही, पण बदली माल मात्र थांबवू नका, नाहीतर ते कळवणंच सोडतील. निवडक रुग्णालयांत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात स्वतः जा, कारण दोन्ही ऋतूंत सेट वेगळा वागतो. मटेरियोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडियाकडे (वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या घटना नोंदवणारा कार्यक्रम) तुमच्या प्रकारच्या उपकरणाबद्दल काही आलंय का, तेही ठरावीक काळाने बघा. हा कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमार्फत चालतो. गंभीर घटना कळली तर तुम्हीही तिथे कळवायचं.

आणि जे सापडेल त्यावर कलम १०.३ चे प्रश्न विचारून उत्तर लिहा: हा धोका आधी ओळखला होता का? जोखीम अजून स्वीकार्य आहे का? एकूण उरलेल्या जोखमीत काही बदललं का? 'स्टेट ऑफ द आर्ट' (आज सर्वमान्य असलेली चांगली पद्धत) बदललं का? चौथ्यासाठी दूर जायला नको. बाजारात व्हेंटचे सेट सर्रास मिळत असताना बिनव्हेंटचा सेट का, हे ऑडिटर विचारू शकतो. आणि बदल करायचं ठरलं तर आधीच बाजारात गेलेल्या मालाचं काय करायचं, हेही कलम १०.४ मध्ये तपासावं लागतं.

सातपुडा_सिस्टर:

आमच्याकडे यायचं असेल तर आधी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने पत्र द्या, परस्पर वॉर्डात येऊ देणार नाहीत. येताना मराठीत एका पानाचा फॉर्म आणा, खुणा करता येतील असा. लांबलचक लिहायला ड्युटीवर कुणाला वेळ नसतो. नाव आणि सही मागू नका, नाहीतर सुई टोचल्याचं कुणीच लिहिणार नाही. मे महिन्यात दुपारी या, स्टोअर उघडून दाखवते. थर्मामीटर तुमचा आणा.