लाँगआर्मवर पुढे-मागे नेताना टाके लांब पडतात: एन्कोडर, सुई की बोर्ड?

प्रश्न (परळ)

10 फुटी फ्रेमवर लाँगआर्म (गोधडी शिवायचं, हाताने सरकवायचं मोठं मशीन) आहे. रेग्युलेटर (हात कमी-जास्त वेगाने चालला तरी टाका एकसारखा ठेवणारी यंत्रणा) इंचाला 10 टाक्यांवर लावलाय. आडवं चालवलं की टाके एकसारखे येतात, पण पुढे-मागे नेताना मध्येच तीन-चार टाके लांबट पडतात आणि मग परत नीट. गोल काढला तर वरची आणि खालची कमान सुबक, दोन्ही बाजू मात्र विरळ. पॉलिएस्टर धागा, 18 नंबरची सुई, आत कॉटन वॅडिंग. वरचा ताण कमी-जास्त करून पाहिला, काही फरक नाही. दुरुस्तीवाले म्हणतात बोर्ड (मशीनचं इलेक्ट्रॉनिक सर्किट) बदला. तेवढा खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

उत्तर (ठाणे)

ताई, बोर्डाला इतक्यात हात लावू देऊ नका. आधी एवढं करा: लांब टाका पडलाय ती जागा ट्यूबलाइटसमोर धरून भिंगातून बघा. टाक्याच्या मधोमध सुईचं रिकामं भोक दिसतंय का? दिसलं, तर सुई खाली गेली होती पण हुकने (बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाने) धागा उचलला नाही. तो सुटलेला टाका. त्याची लांबी बहुतेक वेळा बरोब्बर दुप्पट असते, अडीच मिलिमीटरच्या जागी पाच. तिथे रेग्युलेटरचा दोष नाही. सुई बदला, तिच्या नेढ्याजवळची छोटी खाच मागच्या बाजूला आहे ना ते बघा, गोधडी रोलरवर ढोलकीसारखी ताणली असेल तर सैल करा. ताणलेल्या कापडात सुई वाकते आणि हुकपासून लांब जाते. एवढं करूनही टाके सुटले तर मग हुकचं टायमिंग, म्हणजे सुई आणि हुक एकाच क्षणी भेटतात का, ते तपासा.

भोक नसेल तर सुई तिथे उतरलीच नाही, म्हणजे मशीन पुढे सरकल्याचं रेग्युलेटरला कळलंच नाही. तुमचा गोल तेच सांगतोय. वर आणि खाली मशीन आडवं सरकतं, बाजूंना पुढे-मागे. आडव्या चालीचा एन्कोडर (रुळावर चाक फिरवून अंतर मोजणारा सेन्सर) ठीक आहे, पुढे-मागेचा मोजणी चुकवतोय. बोर्ड या दोघांच्या आकड्यांवरून एकूण अंतर काढतो. एक एन्कोडर पूर्ण गप्प झाला तर 45 अंशांच्या तिरक्या रेघेत इंचाला 10 ऐवजी साधारण 7 टाके पडतात.

डोळ्यांनी अंदाज करू नका, मोजा. धागा आणि बॉबिन काढा, जुनी सुई लावा, गोधडीवर जाड कागद चिकटवा आणि त्यावर 10 इंचांच्या सहा रेघा आखा, तीन आडव्या, तीन उभ्या. आडव्या चालीसाठी चॅनल लॉक (मशीन एकाच दिशेत सरकू देणारी कळ) लावा, मग उभ्यासाठी, म्हणजे पुढे-मागेसाठी. हात सावकाश ठेवा. कागदावरची भोकं मोजायला सोपी जातात. रेघेला 100 आली पाहिजेत, एखादं इकडे-तिकडे चालेल.

मग मशीन बंद करून, प्लग काढून पुढे-मागेच्या एन्कोडरचं छोटं चाक बघा. बहुतेक मशीनमध्ये ते मशीनच्याच अंगाला असतं आणि कॅरेजच्या (मशीन ज्यावर सरकतं त्या चाकांच्या गाड्याच्या) रुळावर फिरतं. स्प्रिंग दाबून चाक रुळापासून उचला आणि बोटाने फिरवा. अडतंय का? आसाला सूत गुंडाळलंय का? चिमट्याने काढा. रबर रिंग आणि रूळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. रुळावर तेल किंवा वंगणाचा स्प्रे अजिबात नको, चाक तिथेच घसरतं.

उत्तर (डोंबिवली)

वरचं सगळं बरोबर, पण मोजताना हाताचा वेग सांभाळा. मिनिटाला 1800 टाके हा मशीनचा कमाल वेग धरला, तर इंचाला 10 टाक्यांवर सेकंदाला 3 इंचांच्या पुढे मशीन नेलं की टाके लांब होणारच. इंचाला 12 लावलेत तर मर्यादा अडीच इंचांवर येते. बऱ्याच जणांचा हात पुढे ओढताना जोरात जातो, आणि दोष एन्कोडरवर येतो.

चाक स्वच्छ करूनही आकडा कमीच आला तर केबल. चालू मशीनवर केबल हलकेच हलवा, विशेषतः प्लगजवळ, आणि टाक्यांत फरक पडतो का बघा. थरथरीने प्लग अर्धा बाहेर आलेला असतो, काढून परत घट्ट बसवा. बोर्डाबद्दल शंका फेडायची असेल तर मशीन बंद करून दोन्ही एन्कोडरचे प्लग एकमेकांच्या सॉकेटमध्ये लावा (सॉकेट एकसारखे असतील तरच, आणि संगणकी पॅटर्नची जोड असेल तर ती बंद ठेवून). दोष पुढे-मागेच राहिला तर एन्कोडर किंवा केबल. दोष आडव्या चालीत आला तर बोर्डाची बाजू. एवढ्यासाठी कोणाला बोलवायला नको.

जुन्या चाळी-इमारतींत अर्थिंग नावापुरतं असतं, त्याने रेग्युलेटर भरकटू शकतो. पण तसा दोष एकाच दिशेत येत नाही, म्हणून तुमच्या बाबतीत ते शेवटी तपासा.

प्रश्नकर्तीकडून (परळ)

मधे भोकं नाहीत. कागदावर आडवं 100, 99, 100 आलं. उभं 86, 91, 83. आसाला पांढऱ्या सुताचं वेटोळं निघालं, रबर रिंग एका ठिकाणी चपटी आहे. पुसल्यावर 96, 97, 96. प्लग घट्ट आहे. उरलेले तीन-चार कुठे जातात?

उत्तर (ठाणे)

त्या चपट्या जागेत. मशीन बरेच दिवस एकाच जागी उभं राहिलं की स्प्रिंगच्या दाबाने रबर तिथे बसतं. चाक त्या जागेवर आलं की क्षणभर फिरत नाही, नुसतं घसरतं. रिंग नवी घाला.

नागदेवी स्ट्रीटला ओ-रिंगची दुकानं आहेत. जुनी रिंग नमुना म्हणून न्या आणि व्हर्नियरने जाडी मोजून घ्या. 'जवळपास तेवढीच' घेऊ नका. चाकाचा बाहेरचा व्यास रिंगसकट 30 मिमी असेल आणि नवी रिंग 1 मिमी जाड आली, तर व्यास 32 होतो. चाक तेवढ्याच अंतरात कमी फेरे घेतं आणि 100 च्या जागी 94 भोकं येतात. म्हणजे घसरण थांबली तरी मोजणी चुकतेच. रबर नायट्राइलचं मागा, तेलाने फुगत नाही. रिंग खाचेत पीळ न पडता बसली पाहिजे. बसवल्यावर चाक रुळावर ठेवा, मशीन हाताने स्थिर धरा आणि बोटाने चाक फिरवून बघा. सहज सरकलं तर स्प्रिंगचा दाब कमी आहे, एका वेळी पाव फेरा स्क्रू आवळा. फार आवळलंत तर मशीन पुढे ढकलायला जड जाईल आणि रिंग पुन्हा चपटी होईल.

उत्तर (डोंबिवली)

रूळ स्टीलचे असतील तर पावसाळ्यात रोज काम संपल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसा. गंजाचा एक बारीक ठिपकाही चाकाला उडवतो. आणि रात्री मशीन रोज त्याच जागी लावू नका, हातभर इकडे-तिकडे ठेवा. रिंग बदलल्यावर तीच कागदाची चाचणी घ्या, तिन्ही उभ्या रेघा 99 ते 101 मध्ये आल्या की मगच धागा ओवा.