दोन भाषा एकाच पानावर: मूल नक्की कोणती वाचतं?

टेक्सासवासी (धागा)

अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत ३० एप्रिलला 'दिया' साजरा होतो. पूर्ण नाव लांबलचक आहे: एल दिया दे लोस निन्योस, एल दिया दे लोस लिब्रोस, म्हणजे मुलांचा दिवस आणि पुस्तकांचा दिवस. मेक्सिकोत ३० एप्रिल हा बालदिन. एल पासोत जन्मलेल्या कवयित्री पॅट मोरा यांनी १९९६ मध्ये त्याला पुस्तकं जोडली आणि वाचनालयांनी तो उचलून धरला. आम्हीही लेकीला घेऊन जातो. आपला स्पॅनिशशी संबंध नसला तरी मजा येते.

माझी तक्रार या दिवसाबद्दल नाही. त्या दिवशी ज्यांचा सगळ्यात जास्त उदोउदो होतो त्या पुस्तकांबद्दल आहे. एकाच पानावर इंग्रजी आणि स्पॅनिश. वाचता येणारं मूल त्यातलं सोपं तेवढं वाचतं आणि पान उलटतं. इथे वाढलेल्या मुलाला सोपं काय, हे सांगायला नको. छपाईही बघा: बऱ्याच पुस्तकांत इंग्रजी वर, ठसठशीत काळ्यात, स्पॅनिश खाली, तिरप्या किंवा फिक्या अक्षरांत. घरचा कोण आणि पाहुणा कोण, ते पोरांना बरोबर कळतं. त्यापेक्षा सरळ स्पॅनिशच पुस्तक द्यावं. युयी मोरालेस यांचं २०१८ चं स्थलांतरावरचं चित्रपुस्तक इंग्रजीत वेगळं निघालं आणि स्पॅनिशमध्ये वेगळं. हेच बरोबर.

पानफुटी

असहमत, आणि जोरदार असहमत.

पुस्तक मूल एकटंच वाचतं, असं तुम्ही धरून चालला आहात. चार-पाच वर्षांचं पोर मांडीवर बसून ऐकतं हो. आजीला फक्त स्पॅनिश येतं, आईचं शिक्षण इंग्रजीत, मोठा भाऊ दोन्हींत धडपडतो. एकच पुस्तक तिघांच्या हातात फिरतं. सॅन फ्रान्सिस्कोत हॅरिएट रोमर यांनी १९७५ मध्ये चिल्ड्रन्स बुक प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली ती अशाच घरांसाठी. ग्लोरिया आन्साल्दुआ, हुआन फेलिपे हेरेरा यांची मुलांची पुस्तकं तिथूनच दोन भाषांत आली.

आणि १९९८ विसरू नका. कॅलिफोर्नियात प्रस्ताव २२७ मंजूर झाला आणि शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद पडलं. मतदारांनी तो निर्णय फिरवला २०१६ मध्ये. मधली अठरा वर्षं ज्यांची गेली, त्यांना घरात स्पॅनिशचं दुसरं काय होतं?

बोरकूट

इतका काथ्याकूट कशाला? त्यांचा देश, त्यांची पोरं. पास.

टेक्सासवासी

@बोरकूट, धागा न वाचता पास म्हणणाऱ्यांचा वेगळा धागा काढा.

@पानफुटी, घरात आजी होती ना? मग आजीच पुरे. न्यू यॉर्कच्या पुरा बेलप्रे यांचं उदाहरण घ्या. १९२१ मध्ये हार्लेमच्या १३५व्या रस्त्यावरच्या शाखेत त्या लागल्या. त्या शहराच्या वाचनालयातल्या पहिल्या पोर्तो रिकन ग्रंथपाल. कपाटात आपल्या पोर्तो रिको बेटाची एकही गोष्ट नाही म्हटल्यावर त्या स्वतःच सांगायला लागल्या, स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत, पुढे कळसूत्री बाहुल्याही करून. मार्तिना नावाची झुरळीण नटूनथटून बसते, एकेक स्थळ येतं, ती प्रत्येकाला विचारते की माझ्याशी बोलशील कसा? ज्याचा त्याचा आवाज ऐकून ती नाकारते, आणि शेवटी पेरेझ उंदराचा नंबर लागतो. तो पुढे उकळत्या खिरीच्या भांड्यात पडून मरतो. (आपल्याकडे कुणी शेवट गोड केला असता.) ही गोष्ट समोरच्या पानावरच्या भाषांतराशिवाय चालली, कारण सांगणारी बाई आवाज काढत होती. तिचं पुस्तक १९३२ मध्ये आलं तेही आधी इंग्रजीत! स्पॅनिश तोंडातून गेलं, छापातून नाही.

पानफुटी

तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटतंय. पुरा बेलप्रे यांना ती गोष्ट तोंडपाठ होती. आज मुलाला घेऊन 'दिया'ला येणाऱ्या कितीतरी आया तिसऱ्या पिढीतल्या आहेत. त्यांना स्पॅनिश ऐकून कळतं, वाचताना मात्र अडखळायला होतं, आणि दुकानात कुणी स्पॅनिशमध्ये बोललं की ओशाळायला होतं. नुसतं स्पॅनिश पुस्तक हातात दिलंत तर त्या ते परत कपाटात ठेवतील. दोन भाषांचं दिलंत तर खालची ओळ मोठ्याने वाचतील आणि अडल्या की हळूच वर डोळा टाकतील. पोराच्या ते लक्षातही येत नाही. हे पुस्तक मुलासाठी नाहीच मुळी, आईची लाज राखण्यासाठी आहे. तिरपी अक्षरं नकोत, हे मात्र मान्य.

जर्सीकर

मराठीचं सांगतो, कारण इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवतो. स्पॅनिशचं एक बरं आहे: लिपी तीच, उच्चार जवळपास लिहिल्याप्रमाणे. इंग्रजी वाचणारं पोर स्पॅनिश ओळ चुकतमाकत का होईना, वाचून दाखवतं. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची इंग्रजी-मराठी पुस्तकं आम्ही वापरतो, छान आहेत. पण आमच्या वर्गातली पोरं देवनागरीकडे चित्रातल्या वेलबुट्टीसारखी बघतात. 'ळ' आला की थेट इंग्रजीवर उडी. तेव्हा मराठीपुरता मी टेक्सासवासींच्या बाजूने, स्पॅनिशपुरता पानफुटींच्या.

टेक्सासवासी

म्हणजे दोन्ही दगडांवर पाय! पण लिपीचा मुद्दा पटला. आईच्या लाजेचाही पटला, फक्त त्यासाठी प्रत्येक पानावर इंग्रजी कशाला? शेवटच्या दोन पानांवर सगळं भाषांतर एकत्र छापा. अडलेली आई तिथे बघेल, पोराला आयतं मिळणार नाही.

पानफुटी

मांडीवर पोर घेऊन शेवटची पानं चाळून बघा एकदा, मग बोलू.

कपाट नं. ३

वाचनालयात स्वयंसेवक म्हणून पुस्तकं लावते, म्हणून विचारते. ही दोन भाषांची पुस्तकं ठेवायची कुठे? आमच्याकडे सगळी स्पॅनिशच्या कपाटात जातात. तिकडे फक्त स्पॅनिश घरंच फिरकतात. इंग्रजी पोरं त्या बाजूला येत नाहीत, आणि जी लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाची) पोरं स्पॅनिशला बिचकतात तीही येत नाहीत. इंग्रजी कपाटात एक प्रत ठेवू का, असं मी विचारलं, तर संगणकात एका पुस्तकाला एकच जागा असते म्हणे. तुमच्याकडे कुणी दोन्हीकडे ठेवतं का?