मदत हवी आहे: आठ स्पीकरच्या वर्तुळात फ्लूट जागेवर राहत नाही

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात जर्मनीतल्या क्योल्नजवळच्या (कोलोन) एका छोट्या चर्चमध्ये आमचा कार्यक्रम आहे: फ्लूट, चेलो आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स. श्रोते मधे, भोवती आठ स्पीकर, वर्तुळाचा व्यास १० मीटर. फ्लूटवाली मैत्रीण पुढे, वर्तुळावरच उभी राहते. तिचा सूर माइकमधून लॅपटॉपवरच्या मॅक्स या ध्वनिप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये येतो आणि तिथून स्पीकरांवर फिरतो. लॅपटॉप मी सांभाळतो.

मधोमध बसलं की अंगावर काटा येतो. फ्लूट समोर, त्यातून सुटलेला सूर पाठीमागून वळसा घालून येतो. पण काल तालमीत मागच्या खुर्चीवर बसलो, तर फ्लूट थेट शेजारच्या स्पीकरमधून! वाजवणारी समोर दिसतेय, आवाज मात्र कानाशी. फार वाईट वाटलं, कारण या रचनेचा जीवच त्या दोन आवाजांमधल्या अंतरात आहे.

कारण कळतंय. त्या खुर्चीपासून फ्लूट ९ मीटर, म्हणजे आवाजाला साधारण २६ मिलिसेकंद. स्पीकर २ मीटरवर, म्हणजे ६; यंत्रणेची लेटन्सी (सूर आत येऊन बाहेर पडेपर्यंतचा उशीर) १२ धरली तरी १८च. जो आवाज आधी पोचतो, त्याच दिशेला कान जातो. म्हणून सगळ्या स्पीकरांना १५ मिलिसेकंदांचा डिले (मुद्दाम केलेला उशीर) दिला. मागच्या खुर्च्या सुधारल्या, पण फ्लूटशेजारच्या खुर्चीत पलीकडचा स्पीकर आता जवळपास ४५ मिलिसेकंद मागे पडतो आणि जिभेने तोडून वाजवलेले सूर दोनदा ऐकू येतात. (चेलो मधे, चौथऱ्यावर आहे, त्याला हा त्रास फारसा नाही.)

फ्रेंच संगीतकार बूलेझ यांच्या १९८५च्या ‘दियालॉग द लोंब्र दूब्ल’मध्ये जिवंत आणि ध्वनिमुद्रित क्लॅरिनेट आलटूनपालटून येतात, त्यामुळे ही टक्कर टळते. आमच्याकडे दोन्ही एकदमच वाजतात, आणि सुरुवातीला तर स्पीकरांतून सूर जसाच्या तसा येतो.

प्रत्येक स्पीकरला त्याच्या फ्लूटपासूनच्या अंतराप्रमाणे वेगळा डिले कुणी दिला आहे का? सूर फिरताना मधेच डिले बदलला तर स्वर हलतो, ते कसं टाळता? की डिले सोडून मागच्या स्पीकरांचा आवाजच कमी करावा? आणखी एक मार्ग सुचतोय: तिच्या अगदी मागे एक छोटा स्पीकर ठेवून मूळ सुराचा आवाज तिथून किंचित वाढवायचा. पण माइक जवळ असल्याने शिट्टी वाजायची भीती वाटते.

चर्च पुढच्या आठवड्यात फक्त दोन तासांसाठी मिळणार आहे. यातलं आधी काय करून पाहू?