मदत हवी आहे: एमटीबीला (माउंटन बाइकला) किती रुंद हँडलबार घेऊ?

नमस्कार मंडळी. माझ्या हार्डटेलचा (फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलचा) हँडलबार बदलायचाय. सध्याचा सपाट, ६८० मिमी रुंद आहे. पुण्यातली वेताळ टेकडी चढताना काही त्रास नाही, पण मुरमाड उतारावर पुढचं चाक घसरू लागलं की हँडल सांभाळणं जड जातं. खाली येईपर्यंत मान अवघडते, करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात.

७६० घेऊ की ७८०? उंची ५ फूट ५ इंच, खांदे बेताचे. रुंद बार दोन्ही टोकांना सारखा कापता येतो, पण कापलेला परत वाढत नाही, म्हणून आधीच विचारतोय. स्टेमचा (बार सायकलला जोडणाऱ्या दांडीचा) क्लॅम्प, म्हणजे बार पकडणारी जागा, ३१.८ मिमी व्यासाची, त्यामुळे ३५ मिमीचे बार बाद. कार्बन नको, गाडी दगडांवर आपटते.

खरा घोळ राइजचा, म्हणजे बारची टोकं मधल्या भागापेक्षा किती वर असावीत याचा आहे. २० मिमी पुरेल का? जास्त घेतला तर ब्रेकच्या केबल आखूड पडतील का? आणि रुंद बारने हात लांबतात, मग स्टेमची लांबी ७० वरून ५० मिमीवर आणावी का?

टेकडीवर चालवणाऱ्यांनी आपली उंची आणि बारची रुंदी सांगितली तर फार मदत होईल. झाडीतल्या अरुंद वाटेवर ७८० अडकतो का, तेही सांगा.